ही लाल गादी तुमची नाही: मणक्याच्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी आणि हॉस्पिटलचा कारभार बघणारे सगळे,

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, एसटीत २९ वर्षं ड्रायव्हर होते, आता वय ६३. हे पत्र खरं तर एकाच हॉस्पिटलला लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की दोन वर्षांत आम्ही जिथं जिथं फिरलो तिथं थोड्याफार फरकानं तेच झालं, शाळेत स्टाफरूममध्ये विषय काढला तर चार जणांच्या घरी तेच, म्हणून कुणाचंच नाव न घेता सगळ्यांनाच लिहिते, आणि उघड लिहिते.

निमित्त सांगते. ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडममुळे आण्णा परत चालायला लागले त्यांच्या खोलीत स्टँडला टांगलेलं मणक्याचं मॉडेल असायचं, अख्खं, मानेपासून माकडहाडापर्यंत, खाली कमरेची हाडं, बाजूनं बाहेर आलेल्या पिवळ्या नसा. गेल्या महिन्यात दाखवायला गेलो तर ते जागेवर नव्हतं. खाली रिसेप्शनला काचेच्या कपाटात ठेवलंय, कुलूप लावून. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पेशंट हाताळतात, एक नस तुटून निघाली होती, आणि आता नवीन नियम आलाय, एका पेशंटला १० मिनिटं, त्यातच मशीन लावायचं, व्यायाम दाखवायचा, मग मॉडेल घेऊन समजावत बसायला वेळ कुठला. बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मला तिथंच रडू आलं, कारण त्या प्लास्टिकच्या मणक्यानं आमच्या घरात काय केलंय ते तो नियम करणाऱ्यांना माहीत नाही. तेच सांगायचंय.

आण्णांना व्हायचं असं की चालायला लागले की दोनशे पावलांत दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या, मुंग्या, पाय जड, पुढं टाकवत नाही. मग पाराशी बसायचं, जरा पुढं वाकायचं, दोन-तीन मिनिटांत उतरायचं, परत चालायचं, परत तेच. पण सायकलवर शेतापर्यंत तीन किलोमीटर जाऊन यायचे, काही म्हणजे काही व्हायचं नाही. आता हे घरच्यांना कसं पटणार? आई म्हणायची, दळण आणायला सांगितलं की पाय दुखतात आणि सायकल बरी चालते. तोंडानं बोलले नाही तरी मीही मनातून तसंच धरलं होतं. त्या माणसाला किती एकटं वाटलं असेल याचं मला आज फार वाईट वाटतं.

पहिल्या डॉक्टरांकडं गेलो, एमआरआय काढायला लावला, तो घेऊन परत गेलो. डॉक्टरांनी फिल्म ट्यूबलाईटकडं धरली आणि म्हणाले, एल-फोर एल-फाईव्हला (म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी) गॅप कमी झालाय, कॅनॉल (आतला नसांचा रस्ता) टाईट आहे, गोळ्या लिहून देतो, पट्टा लावा, वाकू नका, वजन उचलू नका, नाहीच फरक पडला तर ऑपरेशन. चार मिनिटं, जास्तीत जास्त पाच. बाहेर साठ-सत्तर पेशंट होते, मला दिसत होते, मी त्यांना आळशी म्हणत नाहीये. पण त्यांच्या टेबलावर एका कोपऱ्यात कमरेच्या मणक्यांचं छोटं मॉडेल होतं, खाली गोळीचं नाव छापलेलं, वर फायली रचलेल्या. हात लांब केला असता तर पुरलं असतं.

आण्णांनी त्या सगळ्यातला एकच शब्द घरी आणला, गॅप. आपल्याकडं ज्याची कंबर दुखते तो सांगतो, मणक्यात गॅप पडलाय. ऐकणाऱ्याला वाटतं की दोन मणके एकमेकांपासून सुटलेत, मधे फट पडलीय. असतं बरोबर उलटं! मधली गादी वयानं सुकते, बसते, दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं. डॉक्टर म्हणतात गॅप कमी झाला आणि पेशंट ऐकतो गॅप पडला. आण्णा आठ महिने या समजुतीत होते की कमरेत दोन हाडं सुटी झालीत आणि जोरात खोकलं तर निसटतील. नातवाला उचलणं बंद केलं. तो पाच वर्षांचा पोरगा हात वर करून समोर उभा राहायचा आणि आण्णा मान दुसरीकडं फिरवायचे. शिंक आली की भिंत धरायचे. शेतात जाणं थांबलं, मग सायकल थांबली, म्हणजे जी एक गोष्ट बिनदुखत जमत होती तीच बंद. पट्टा दिवसरात्र. आठ महिन्यांत मांड्या बारीक झाल्या. आणि हे सगळं एका शब्दामुळं, जो पाच मिनिटांत मॉडेलवर बोट ठेवून सरळ करता आला असता.

दुसऱ्या ठिकाणी मॉडेल वापरलं, पण कसं ते ऐका. मोठं हॉस्पिटल, मोठं मॉडेल. डॉक्टरांनी ते उचललं, कमरेपाशी वाकवलं आणि त्यात जी लाल रंगाची गादी बाहेर आलेली दाखवलेली असते ती आण्णांसमोर धरली. म्हणाले, काका, हे बघा, असं बाहेर येऊन नस दाबतंय, आता उशीर केला तर पाय जातील. मग संमतीचा फॉर्म, इंग्रजीत, आणि डिपॉझिट किती ते. आण्णांच्या कपाळावर घाम. सही केली नाही एवढंच, कारण माझा भाऊ पुण्याहून यायचा होता. त्या रात्री आण्णा झोपले नाहीत, मला म्हणाले, ती लाल गादी डोळ्यापुढनं हलत नाही गं.

म्हणून मी नुसतं मॉडेल वापरा असं म्हणत नाहीये. मॉडेलनं माणूस शहाणा होतो तसा घाबरतोही. मी शाळेत रोज बघते, चित्र दाखवून मुलं जे विसरतात तेच वस्तू हातात दिली की वर्षभर विसरत नाहीत. चुकीचं हातात दिलं तर चुकीचंही वर्षभर विसरत नाहीत.

तिसऱ्या ठिकाणी या फिजिओ मॅडम भेटल्या. त्यांनी आधी एमआरआय बघितलाच नाही, आधी विचारलं, काका, काय केल्यावर त्रास होतो आणि काय केल्यावर थांबतो? आण्णांनी भीत भीत सायकलचं सांगितलं, त्यांना वाटलं या पण हसतील. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, थांबा दाखवते. स्टँडवरनं मॉडेल काढून सरळ आण्णांच्या मांडीवर ठेवलं. कमरेचे पाच मणके मोजायला लावले. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे बाजूला एक भोक असतं, जिथनं पिवळी नस बाहेर पडते, त्यावर करंगळीचं टोक ठेवायला सांगितलं आणि मॉडेल हळूच मागं वाकवलं. भोक आवळलं, करंगळी दाबली. मग पुढं वाकवलं, भोक उघडलं. म्हणाल्या, नसांचा आतला मोठा रस्ताही असाच, मागं झुकलं की अरुंद, पुढं झुकलं की मोकळा, तुमचा तो वयानं आधीच थोडा अरुंद झालाय, गादी जरा फुगलीय, मागचे सांधे आणि हाडं बांधून ठेवणारे बंध जाड झालेत. उभं राहून चालताना कंबर किंचित मागं असते म्हणून पाय भरतात, सायकलच्या हँडलवर पुढं झुकता म्हणून त्रास होत नाही, पाराशी बसून वाकलात की उतरतं ते यामुळं.

आण्णा करंगळीकडं बघत बसले. मग आईकडं वळून म्हणाले, बघ, मी खोटं बोलत नव्हतो. आई काही बोलली नाही, तिनं पदर डोळ्याला लावला. दोन वर्षांत या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं की तुझं दुखणं खरं आहे आणि त्याला कारण आहे.

आण्णांनी विचारलं, म्हंजे गाडीचं बुश, दोन भागांमधलं रबर, बसलंय म्हणा की. मॅडम म्हणाल्या, तसंच समजा, पण एक फरक आहे, गाडी डेपोत उभी ठेवली तर निदान आणखी झिजत नाही, शरीर उभं ठेवलं की आणखी कमजोर होतं. मग आण्णांनी त्या लाल गादीचं विचारलं. मॅडमनी मॉडेलमधली दाखवली आणि म्हणाल्या, "ही लाल गादी तुमची नाही." गादी एका ठिकाणी फुटून बाहेर आलीय अशा पेशंटला समजवायला ती तशी बनवलेली असते, ते वेगळं दुखणं, आणि त्यातलेही बरेच पेशंट काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. शिवाय हे प्लास्टिक दोरीवर ओवल्यासारखं लटकतंय म्हणून तुम्हाला वाटतं मणका निसटेल, पण यात स्नायू नाहीत, बंध नाहीत, तुमच्या अंगात प्रत्येक गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरलेली आहे, ती साबणाच्या वडीसारखी सरकत नसते. मॉडेल काय दाखवतं हे सगळेच सांगतात, पण ते काय दाखवत नाही हे सांगणारी ही पहिली व्यक्ती.

एक गोष्ट त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितली. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, मॉडेलमध्ये तो दिसतो. म्हणाल्या, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेना झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जायचं. दोन वर्षांत, एवढे पैसे भरून, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे जिथं घाबरायला नको तिथं घाबरवलं आणि जिथं खरंच धावत सुटायला पाहिजे ते सांगितलंच नाही.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली. आज आण्णा पूर्ण बरे नाहीत, खोटं कशाला सांगू. पण पट्टा सुटलाय, व्यायाम करतात, सायकल परत सुरू झाली, चालताना कुठं थांबायचं आणि कसं वाकायचं ते कळतं, नातू कडेवर असतो. पुढं कधी रस्ता फारच अरुंद झाला आणि ऑपरेशन करावं लागलं तर ते करतील, आता तशी भीती नाही, काय मोकळं करणार आहेत ते त्यांना माहीत आहे. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. न समजता होणाऱ्या सहीच्या विरोधात आहे.

आता तक्रारी सांगते.

एमआरआयचा रिपोर्ट इंग्रजीत येतो, त्यात बल्ज, डिजनरेशन, इंडेंटेशन असले शब्द, आणि तो आधी पेशंटच्या हातात पडतो. लोक रात्री मोबाईलवर एकेक शब्द टाकून बघतात आणि सकाळपर्यंत अर्धमेले होतात, मी स्वतः हे केलंय. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला होता, ज्यांना पाठदुखीच नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्यांचा. त्यात साठीच्या लोकांमध्ये ८८ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६९ टक्के जणांच्या फुगलेल्या दिसल्या, आणि त्यांना काहीही दुखत नव्हतं. विशीतल्यांमध्येसुद्धा ३० टक्के जणांत फुगवटा होता. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या शिक्षणाचा भाग आहे, मग ६३ वर्षांच्या माणसाला रिपोर्ट देताना हे एक वाक्य का नाही सांगत? फिल्मवर काळी दिसणारी गादी म्हणजे सुकलेली गादी, सडलेली नाही, एवढं तरी सांगा.

वेळ नाही हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ओपीडीची गर्दी खोटी नाही. पण समजावण्याचं काम डॉक्टरांनीच करायला पाहिजे असं कुठं आहे? फिजिओथेरपिस्ट आहेत, प्रशिक्षित सिस्टर आहेत. आमच्या हॉस्पिटलनं उलट केलं, जी व्यक्ती हे काम करत होती तिच्याच हातातनं मॉडेल काढून घेतलं. मशीनचं बिल लागतं, समजावण्याचं लागत नाही, म्हणून असं झालं का, असा प्रश्न मला पडलाय आणि त्याचं उत्तर व्यवस्थापनानं द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पेशंटला नीट माहिती देणं आणि व्यायाम यांची शिफारस आहे, आणि कमरेचे पट्टे, कंबर ताणायचं ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंडचं मशीन हे नेहमीच्या उपचारात वापरू नका असं आहे. आण्णांचं दुखणं नसांच्या रस्त्याचं, त्यामुळं त्या सूचना त्यांना जशाच्या तशा लागू होत नाहीत हे मान्य, पण साध्या कंबरदुखीचे जे असंख्य पेशंट तुमच्याकडं येतात त्यांचं काय? त्यांच्या कमरेला पट्टा आहे आणि डोक्यात गॅप आहे.

संमतीचं पण बोलायलाच पाहिजे. सुप्रीम कोर्टानं १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलंय की पेशंटला पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यायची, उपचार काय आहे, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नाही म्हटलं तर काय होईल. जो माणूस फिल्म उलटी धरलीय का सुलटी हे ओळखू शकत नाही त्याला ती माहिती नुसत्या फिल्मवर कशी पोचणार? मी मुलांकडनं ३३ मणके पाठ करून घेते, मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, खालचे जुळलेले ५ आणि ४, आणि तरी माझ्या वडिलांच्या फिल्मवर मला काही कळलं नव्हतं. शेतात राबणाऱ्या बाईचं, हमाली करणाऱ्या माणसाचं, ऊसतोड करणाऱ्यांचं काय होत असेल. त्यांची तर सगळी कमाईच कमरेवर असते, त्यांना वाकू नका सांगणं म्हणजे काम सोडा सांगणं, आणि ते काम सोडू शकत नाहीत म्हणून ते भीत भीत वाकतात, पाठ ताठ धरून, आणि आणखी दुखवून घेतात. त्यांना कसं वाकायचं हे मॉडेलवर दाखवा की.

मागण्या फार मोठ्या नाहीत. मणक्याच्या पेशंटला ऑपरेशन हा शब्द पहिल्यांदा सांगायच्या आधी मॉडेल त्याच्या हातात द्या, लांबनं दाखवू नका, हातात द्या, आणि त्याची अडचण नेमकी कुठं आहे तिथं त्याचं बोट ठेवा. मॉडेलमधली कुठली गोष्ट त्याच्या पाठीत नाही तेही त्याच वेळी सांगा. बाहेर आलेल्या गादीचं एकच मॉडेल सगळ्यांना दाखवायचं बंद करा, साधं, निरोगी मणक्याचं मॉडेल पण जवळ ठेवा. मराठीत बोला, आणि "गॅप" शब्द वापरायचाच असेल तर पेशंटला काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, आम्ही वर्गात तसंच करतो, समजलं का विचारलं की सगळी मुलं हो म्हणतात. लगेच हॉस्पिटल गाठायची जी लक्षणं आहेत ती मराठीत छापून प्रत्येक मणक्याच्या पेशंटच्या फायलीला लावा. आणि समजावण्यासाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा, त्याचे पैसे लावायचे तर लावा, आम्ही देऊ, मशीनचे देतोच आहोत.

आमच्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला वेगळं सांगते, हे पत्र तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे आणि मॅडमना यावरनं काही बोलू नका, त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. १० मिनिटांचा नियम मणक्याच्या नव्या पेशंटसाठी मागं घ्या. कपाटाची किल्ली त्यांच्याकडं द्या. तुटलेल्या नसेची काळजी करू नका, आमच्या लॅबमधल्या सांगाड्याच्या बरगड्या मी दरवर्षी चिकटवते, एका रविवारी येऊन तुमचीही नस बसवून देईन. पुढच्या महिन्यात २ तारखेला माझ्या आत्याला घेऊन येणार आहे, तिलाही कुणीतरी गॅप सांगितलाय, ती सध्या भांडीसुद्धा उभ्यानं घासते. त्या दिवशी ते मॉडेल त्या खोलीत असावं एवढी विनंती आहे.

आपली,
तुमच्या एका पेशंटची मुलगी